बंद पडलेलं गाण्याचं पत्र पुन्हा सुरू करतेय, यावेळी वर्गणी लावून. तीन पायऱ्या ठेवू का?

खर्जातली बाई (मिरज)

मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी मिरजेत ब्राह्मणपुरीत गाणं शिकवते. तालीम किराणा घराण्याची, पण येणाऱ्या निम्म्या मुलांना घराण्याशी काही देणंघेणं नसतं. गांधर्व महाविद्यालयाची प्रवेशिका परीक्षा सुटली की आईवडील खूश. 2020 च्या टाळेबंदीत वर्ग बंद पडला तेव्हा विद्यार्थ्यांना ईमेलनं पत्र लिहायला लागले, महिन्याला एक. एखादा राग, त्यातली एक बंदिश, माझ्या आवाजातलं पाच-सात मिनिटांचं ध्वनिमुद्रण आणि शेवटी इकडचं तिकडचं. मुलांनी ते मावशीला पाठवलं, मावशीनं भिशीच्या ग्रुपवर टाकलं, असं करत हजारावर पत्ते झाले. सांगली-कोल्हापूर धरून बेळगाव, इंदूर आणि न्यू जर्सीतल्या काही ताईसुद्धा. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि पत्र थांबलं ते थांबलंच.

लोक अजून विचारतात. किराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीच्या सभेला दर्ग्यात चिंचेखाली बसले होते, तर शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी "बाई, पत्र का हो थांबवलंत?" म्हणून विचारलं. तेही समोर मारवा राग ऐन रंगात आलेला असताना. मारवा झाल्यावर बोलू म्हटलं.

तर आता सुरू करायचंय, पण फुकट जमणार नाही. पूर्वी मोबाईल समोर ठेवून गायचे आणि पाठवून द्यायचे. आता नीट ध्वनिमुद्रण करायचंय, तबला-पेटी साथीला हवी, आणि माझे स्वतःचे दोन-तीन दिवस जातात ते वेगळेच. भाचा पुण्यात आयटीत आहे, त्यानं एका रात्रीत तक्ता करून पाठवला. 'षड्ज' म्हणजे फुकट, फक्त पत्र. 'गंधार' महिना 99, त्यात पूर्ण ध्वनिमुद्रण आणि बंदिशीचं स्वरलेखन. 'पंचम' महिना 499, त्यात महिन्यातून एकदा झूमवर बैठक, तुम्ही पाठवलेलं गाणं मी ऐकून सूचना देणार, शिवाय तुमच्या स्वरात लावलेल्या खऱ्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण. वरून वर्षाला तीनशेनं स्वस्त, पहिल्या शंभरांना सूट, आजीव सदस्यत्व वगैरे.

तक्ता बघूनच मला धाप लागली. मुळात कुलूप कशाला लावायचं हेच कळत नाहीये. माझं सगळ्यात जास्त फिरलेलं पत्र रागावरचं नव्हतंच, जवारीवरचं होतं, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेला घोडीवर जी गुंज येते तिच्यावरचं. सतारमेकर गल्लीत एका कारागिरांपुढे दुपारभर बसले होते. घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, पाठीवरून कानस फिरवायची, ती हलकी, जेमतेम खरवडल्यासारखी. तार छेडायची, मान वाकडी करून ऐकायचं, पुन्हा कानस. मग तारेखाली सूत सरकवायचं, इकडून तिकडे केसभर. एका जागी तार नुसती टणटणते आणि केसभर पुढे गेलं की तीच तार उघडते, खर्ज लांबतो आणि त्यातून कुणी न छेडलेला गंधार ऐकू यायला लागतो. ते सूत सरकण्याआधीचा आणि नंतरचा आवाज मी पत्रासोबत पाठवला होता. लोकांनी तो इतका पुढे पाठवला की तो माझाच मला तिसऱ्याच माणसाकडून 'बघा किती छान' म्हणून परत आला. भाच्याच्या हिशेबानं असलं पत्र 'पंचम'मध्ये जायला हवं. मला तर ते चव्हाट्यावर असावंसं वाटतं.

दुसरं असं की दर महिन्याला पैसे घेतले म्हणजे दर महिन्याला देणं आलं. परीक्षांचं सत्र, नवरात्र, घरातली दुखणीखुपणी, यात ते कसं जमवायचं? कुणी केलंय का असलं काही?

जुना वर्गणीदार (सांगली, गावभाग)

ताई, एका छोट्या त्रैमासिकाचा हिशेब मी बरीच वर्षं बघत होतो. आता ते बंद आहे, त्यामुळे मोकळेपणानं लिहितो.

आजीव सदस्यत्व हा शब्द तक्त्यातून आजच्या आज खोडा. आमच्याकडे आजीव वर्गणी एकरकमी आली, पहिल्या दोन वर्षांत कागद आणि छपाईत संपली, आणि माणसं मात्र देवदयेनं दीर्घायुषी निघाली. पुढचे अंक त्यांना पाठवायचे कुठल्या पैशातून? नव्या वर्गणीदारांच्या. म्हणजे आजचं गिऱ्हाईक कालच्याचं देणं फेडतंय. मराठीतली कितीतरी नियतकालिकं या एका गोष्टीनं वाकली.

महिन्याची वर्गणीही नको. महिन्याला 99 म्हटलं की माणूस दर महिन्याला विचार करतो, ठेवू की काढू? वर्षाला एकदाच घ्या, आणि वर्षात किती पत्रं देणार तो आकडा आधी सांगा. बारा म्हणू नका, आठ म्हणा. परीक्षेच्या महिन्यात पत्र नाही, नवरात्रात नाही, हे पहिल्याच पत्रात लिहून टाका. नऊ पाठवलीत तर लोक खूश, बारा सांगून दहा पाठवलीत तर फोन येतात. सगळ्यात जास्त फोन त्यांचे येतात ज्यांनी वर्गणी दिलेली नसते, तो भाग वेगळा.

पायऱ्यांबद्दल माझं मत असं की दोनच्या वर नको. फुकटवाला आणि वर्गणीवाला. मधल्या पायरीवरच्या माणसाला आपल्याला वरचं मिळत नाही हेच दिसत राहतं. आणि पायऱ्यांना सुरांची नावं तर मुळीच देऊ नका. फुकटवाल्याला षड्ज द्यायचा आणि पैसेवाल्याला पंचम, हे गाणाऱ्या बाईनं करायचं?

विश्रामबागकर

पैशाच्या तांत्रिक बाजूचं लिहितो, माझं रोजचं काम तेच आहे.

भाच्यानं बहुधा सबस्टॅक हे ईमेल-पत्रांचं संकेतस्थळ सुचवलं असेल. तिथे वर्गणी घ्यायला स्ट्राइप या पेमेंट कंपनीचं खातं लागतं, आणि स्ट्राइप 2024 पासून भारतात नवीन खाती निमंत्रणावरच उघडतं. तेव्हा फुकट पत्रासाठी ते वापरता येईल, वसुलीसाठी नाही. आपल्याकडची पेमेंट गेटवे कंपनी घ्या. कार्डावर साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी कापतात. यूपीआय ऑटोपेनं वर्गणी आपोआप कापून घेता येते. सुरुवातीला एकदा पिन टाकून मंजुरी द्यायची, मग 15,000 रुपयांपर्यंतच्या कपातीला दर वेळी पिन लागत नाही, पण पैसे कापण्याच्या 24 तास आधी ग्राहकाला सूचना जावीच लागते. तुमच्या महिना 99 चा घोळ इथेच आहे. दर महिन्याला सूचना गेली की दर महिन्याला माणसाला आठवण होणार की आपण हे बंद करू शकतो. वर्षाची वर्गणी असेल तर ऑटोपेच्या भानगडीतही पडू नका, वर्ष संपलं की साधं पत्र टाका, ज्याला द्यायचे तो देईल.

सेवांवर जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाख आहे, तिथवर पोचलात तर पेढे घेऊन येतो. न्यू जर्सीच्या ताईंचे डॉलर मात्र नीट बँकेतून, कागदपत्रांसह येऊ द्या, आणि सीएंना एकदा विचारून घ्या. वर्गणीसाठी वेगळं बचत खातं काढा. भिशीचे, फीचे आणि वर्गणीचे पैसे एका खात्यात आले की मार्चमध्ये रडायची पाळी येते.

आणि जीमेलवरून हाताने पाठवत असाल तर फुकटच्या खात्यावरून दिवसाला 500 पत्त्यांची मर्यादा आहे. इतक्या काळानं एकदम हजार जणांना पत्र गेलं तर निम्मी स्पॅममध्ये पडतील. आधी चार ओळींचं पत्र पाठवा, 'पुन्हा सुरू करतेय, हवं असेल तर हो कळवा', आणि हो म्हणतील तेवढ्यांचीच यादी धरा. यादी आखडेल, पण खरी असेल.

ठेका

मी तबला वाजवतो, म्हणून माझ्या बाजूचं बोलतो, राग मानू नका.

आधीच्या पत्रांत तुमच्याबरोबर कुणी फुकट वाजवलं असेल. शेजारधर्म, रियाज, चहा-पोहे. वर्गणी लागली की ते गणित बदलतं. ध्वनिमुद्रणावर साथीदाराचाही हक्क असतो, आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा हक्क म्हणून तो वेगळा दिलाय आणि तो 50 वर्षं टिकतो. पण कायदा राहू दे. माझ्याच बाबतीत एकदा असं झालं की एका संस्थेनं घरगुती बैठक म्हणून बोलावलं, मानधनाचं नाव नाही, आणि पुढे तेच मुद्रण त्यांच्या पैसे देऊन ऐकायच्या यादीत दिसलं. विचारलं तर म्हणे, 'तुम्हालाही प्रसिद्धीच मिळतेय की.' प्रसिद्धीनं तबल्याची चामड्याची पुडी बदलून मिळत नाही.

पत्रामागे ठरावीक मानधन ठरवा, कमी असलं तरी चालेल, आणि आधी सांगा. दोन ओळींचं लिहून घ्या, हे मुद्रण वर्गणीदारांना जाईल म्हणून. पेटीवाल्यालाही तसंच.

गुरूंच्या घरगुती बैठकांच्या कॅसेटी असतील तर त्या वर्गणीत घालण्याआधी त्यांच्या घरच्यांना विचारा. जुन्या तबकड्यांचं तेवढं नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो, त्यामुळे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या बिनधास्त ऐकवा. तरी यूट्यूबवर टाकल्यात तर कुणीतरी त्यावर दावा लावणार, ते गृहीत धरा.

निःशुल्क

सगळे पैशाचंच बोलताय. विद्या विकायची नसते एवढं तरी मिरजेत माहीत असायला हवं. गुरूनं शिष्याकडून 99 रुपये घेऊन बंदिश दिली असं कुठे ऐकलंय का?

खर्जातली बाई (मिरज)

निःशुल्कदादा, मिरजेचं नाव काढलंत म्हणून मिरजेचंच सांगते. विष्णु दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे इथेच गाणं शिकले. पुढे 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, फी लावली, तिकिटं लावून जलसे केले, स्वतःचा छापखाना घालून स्वरलेखनाची पुस्तकं छापली आणि विकली, मासिकही काढलं. त्यांना विद्या विकणारे म्हणायची माझी तरी छाती नाही. त्यांच्याच मुंबईच्या विद्यालयाचं पुढे कर्जापायी काय झालं तेही विसरू नका, इमारत लिलावात गेली. त्यांचं पैसे घेणं चुकलं म्हणून नाही गेली, खर्च मिळकतीच्या पुढे धावला म्हणून गेली. अब्दुल करीम खाँसाहेबांनीही शाळा चालवली ती तिकिटांच्या जलशांवर. शिष्यांना घरात ठेवून जेवूखाऊ घालायचं, तर पैसा कुठून तरी यायलाच हवा.

माझ्या गुरूंनी माझ्याकडून कधी फी घेतली नाही, हे खरं. पण त्यांच्या घरचं दळण, बाजार, पाहुण्यांचा चहा, सगळं आम्ही मुली करायचो. तेव्हा फुकट काहीच नव्हतं. मला आज कुणी येऊन दळण आणून दिलं तर वर्गणी माफ, लेखी देते.

ठेका, तुमचं अगदी पटलं. साथीचं मानधन मी धरलंच नव्हतं असं नाही, पण 'वर्गणी किती जमते ते बघून देऊ' असं डोक्यात होतं. ते उलटं करते. आधी साथीचं ठरेल, मग वर्गणीचा आकडा.

तासगावचा मामा

नमस्कार बाई. मी द्राक्षवाला माणूस, गाण्यातलं कळत नाही. लेक शिकते, मध्यमा परीक्षेला बसलीय. तुमची पत्रं तिच्यासाठी प्रिंट काढून फाईल केलीय, त्यातलं ते तंबोऱ्याचं मीच दोनदा वाचलं.

तुम्ही विचारता काय विकायचं. राग-बिग यूट्यूबवर पोत्यानं पडलंय, त्याला पैसे कोण देणार? पण लेक रोज पहाटे मोबाईलवरच्या तंबोऱ्यावर बसते, आणि तो आवाज मला मोटर चालू राहिल्यासारखा वाटतो. तुमच्या पत्रातला आवाज तसा नव्हता. तिच्या स्वराचा तसा खरा तंबोरा अर्धा तास मिळाला तर मी पाचशे काय, हजार देईन. तंबोरा विकत घ्यायचा तर घरात ठेवायचा कुठे? नातू खुंट्या पिळून ठेवील.

आणि ते पत्र मात्र कुलुपात घालू नका. ते वाचून तर मी इथवर आलो.

जुना वर्गणीदार (सांगली, गावभाग)

मामांनी एका परिच्छेदात निकाल दिला. पत्र सगळ्यांना पूर्ण, तंबोरा वर्गणीदारांना.

एक पुरवणी. सूचना द्यायचं काम, म्हणजे लोकांनी पाठवलेलं गाणं ऐकायचं, ते वर्गणीत अजिबात धरू नका. मुद्रण एकदा केलं की दहा जण ऐकोत की दोनशे, तुमचे कष्ट तेवढेच. पण सूचना माणशी द्याव्या लागतात. चाळीस जणांनी 499 भरले तर चाळीस यमन ऐकून चाळीस उत्तरं लिहायची, तीही गोड भाषेत. ते शिकवणीचं काम आहे, त्याची शिकवणीचीच फी घ्या, आणि जागा मोजक्या ठेवा.

विश्रामबागकर

तंबोरा द्यायचा असेल तर ध्वनिमुद्रणाबद्दल बोलायला हवं, कारण मोबाईलवर तो मरतो. फोनमध्ये आणि झूममध्ये आवाज स्वच्छ करायची सोय असते, ती एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा मोटर असं समजून दाबून टाकते. तंबोरा म्हणजे नेमका एकसारखा चालणारा आवाज! गायिका ऐकू येते आणि तंबोरा हळूहळू पाण्यात बुडाल्यासारखा नाहीसा होतो. झूमवर 'ओरिजिनल साउंड'चा पर्याय चालू करा. मुद्रणासाठी छोटा रेकॉर्डर किंवा चांगला माइक आणा, वेव्ह फाईल ठेवा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हॉइस नोट म्हणून अजिबात पाठवू नका. दुवा द्या, लोक उतरवून घेतील.

कुणीतरी पुढे पाठवणारच. त्याला कुलूप नाही, त्यासाठी महागडं काही घेऊही नका.

अजून एक सुचतंय. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरगावचे लोक चौकशी करत असतील. पत्रातून वाद्यं सुचवलीत तर कारागिरांकडून कमिशन मिळू शकेल.

खर्जातली बाई (मिरज)

कमिशन नको. चौकशी येते, रोज येते. पण मी एकाचं नाव घेतलं की गल्लीतून जाताना बाकीच्या दुकानांवरून मान खाली घालून जावं लागेल. शिवाय वाद्य चांगलं का वाईट हे ज्यानं-त्यानं मांडीवर घेऊन ठरवायचं असतं. भोपळा पंढरपूरकडून आलाय, लाकूड मुरलेलं आहे, हे सगळं दुकानदार सांगतोच. घरी नेल्यावर चार महिन्यांनी जवारी कशी राहते ते कोण सांगणार? त्यावर एक पत्र लिहीन, दुकानाचं नाव न घेता, आणि ते सगळ्यांना खुलं.

तर तुमच्या जिवावर ठरवलंय ते असं. पत्र वर्षात आठ, सगळ्यांना, पूर्ण. जुनी पत्रंही खुलीच. वर्गणी एकच, वर्षाला 600. त्यात साथीसह पूर्ण ध्वनिमुद्रणं आणि तंबोऱ्याची. विद्यार्थ्यांना 300, ओळखपत्र वगैरे मागणार नाही, स्वतःला विद्यार्थी म्हणवतो तो विद्यार्थी. गाणं ऐकून सूचना द्यायचं वेगळं, एका वेळी पाच जण, शिकवणीच्या दरानं. आजीव नाही.

तंबोऱ्याचं मात्र वाटलं तितकं सोपं नाही, मामा. माझा तंबोरा बायकी, तो पेटीवरच्या पांढरी पाच ते काळी पाच या पट्ट्यांपर्यंत झकास बोलतो. पुरुषांना काळी एक, काळी दोन लागते. तिथे माझ्या तारा सैल पडून जवारीच बसते, तारा बदलाव्या लागतील नाहीतर मोठं वाद्य आणावं लागेल. ओळखीच्या एका काकांकडे मर्दानी तंबोरा आहे, तो मागून घेते. प्रत्येक स्वराचे पुन्हा दोन, पहिली तार पंचमाला लावलेला आणि मध्यमाला लावलेला, कारण ज्यात पंचमच नाही तो मालकंस पंचमावर कोण गाणार? मारव्यासाठी निषादाचाही करावा म्हणते. म्हणजे पहिल्या हप्त्यात बायकी स्वर आणि काळी एक, बाकीचे पुढच्या पत्रांबरोबर. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे फोन नकोत. पंखा बंद ठेवून खोलीत अर्धा-अर्धा तास बसायचंय, तेव्हा हे थंडीतच उरकलेलं बरं. आणि मध्येच तार उतरली तर पहिल्यापासून.

भाच्याला तक्ता परत पाठवलाय. तो म्हणाला, "मावशी, याला बिझनेस मॉडेल म्हणत नाहीत." म्हटलं, नसू दे.

ठेका, तुमचा नंबर निरोपातून कळवा. विलंबित एकताल धरवणारं कुणीतरी हवंच आहे, आणि मानधन आधी बोलू.

ठेका

कळवला. विलंबित किती विलंबित तेही आधी बोलू.

तासगावचा मामा

लेकीची काळी चार, पंचमाचा. विद्यार्थी म्हणून 300 ना? बाई, आमचं ते फोनवरचं पैशाचं लेक बघते, तिला कळता कामा नये, वाढदिवसाला द्यायचंय. रोख चालतील का? शुक्रवारी मिरजेला कोल्ड स्टोरेजला येणं आहेच.

विश्रामबागकर

रोख घ्या ताई, पण पावती द्या. आणि पावतीपुस्तकावर क्रमांक छापलेला असू द्या.